डिसेंबरमध्ये शार्क्स कोव्ह? आधी वायव्येकडे बघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघं कॅलिफोर्नियात असतो, नाताळच्या सुट्टीत हवाईला, ओआहू बेटावर येतोय. डायव्हिंगचं पहिलं, ओपन वॉटर सर्टिफिकेशन अंदमानात केलं, वीसेक डायव्ह झालेत. एका मित्राने ऑगस्टमध्ये शार्क्स कोव्हला किनाऱ्यावरून डायव्ह केला, म्हणाला नुसता स्विमिंग पूल आहे. टँक भाड्याने घेऊन आमचे आम्ही गेलो तर चालेल का? बरोबर आठ वर्षांचा मुलगा आहे, तो तिथल्या उथळ डबक्यांत खेळेल."

सरळ उत्तर आधी देते. नाताळच्या आठवड्यात शार्क्स कोव्हचा बेत धरू नका, आणि मुलाला त्या डबक्यांत तर अजिबात सोडू नका. तुमचा मित्र खोटं बोललेला नाही, ऑगस्टमध्ये तिथे खरोखरच तळं असतं. पण त्याने पाहिली ती जागा आणि तुम्हाला दिसेल ती जागा, यांत नकाशावरचा ठिपका तेवढा सारखा. मी चौदा वर्षं या बेटावर राहते, शनिवार-रविवारी डायव्हिंग शिकवते. शार्क्स कोव्हला किती वेळा उतरले याचा हिशोब ठेवणं मी केव्हाच सोडलं, पण त्यातले नोव्हेंबर ते मार्चमधले डायव्ह दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. ते सगळे मिळून जेवढे झाले तेवढे माझे जूनच्या एका महिन्यात होतात.

जागा माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर पूपूकेआ म्हणून वस्ती आहे, होनोलुलूहून गाडीने तासाभरावर. कामेहामेहा हायवेच्या कडेलाच खडकांनी वेढलेला हा छोटा खळगा. त्याचं हवाईयन नाव कापोओ. 'शार्क' कुठून आला तर वरून पाहिलं की खडकाची रेघ शार्कसारखी दिसते, असं सांगतात. शार्कांचा सुळसुळाट आहे म्हणून नव्हे. १९८३ साली पूपूकेआचा हा किनारा संरक्षित सागरी क्षेत्र झाला, २००३ मध्ये हद्द वाढवून शेजारचा वायमेआ उपसागरही त्यात घेतला. इथे भाला घेऊन मासे मारायला बंदी आहे, त्यामुळे इथले मासे माणसाला बुजत नाहीत. आत खोली पाच-सहा मीटर, तोंडाबाहेर पडलं की बारा-चौदा. एवढ्या उथळ पाण्यात एवढं बघायला मिळणारी दुसरी जागा या बेटावर मला तरी माहीत नाही.

आता ऋतूंचं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्याकडे जूनला समुद्र बंद होतो, होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिला की दर्या पुन्हा आपला. इथे आले तेव्हा सगळं उलटं शिकावं लागलं. उत्तर किनारा उघडतो मे महिन्यात आणि बंद होतो ऑक्टोबरच्या आसपास. जुने हवाईयन लोक वर्षाचे दोनच भाग करत: काउ म्हणजे कोरडे, उन्हाचे दिवस आणि होओइलो म्हणजे ओले, वाऱ्यावादळाचे. संध्याकाळी पूर्वेला मकालिई उगवताना दिसू लागले की त्यांचा मकाहिकीचा, म्हणजे सण आणि विश्रांतीचा काळ सुरू होई. मकालिई म्हणजे आपल्या कृत्तिका, ज्यांच्यावरून आपण कार्तिक म्हणतो! मी माझ्या मराठी विद्यार्थ्यांना हीच खूण देते: सूर्य मावळल्यावर कृत्तिका आकाशात दिसतायत तोवर कोव्ह बंद समजा. मे महिन्यात त्या मावळतीच्या उजेडात बुडून जातात, तेव्हा पाणी उघडतं. कृत्तिकांचा आणि लाटांचा काही संबंध नाही, पण खूण चांगली चालते. डिसेंबरच्या शेवटी तुम्ही संध्याकाळी मान वर केलीत तर त्या पूर्वेच्या आकाशात चांगल्या वर चढलेल्या दिसतील.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण नुसता 'हिवाळ्यात नको' हा नियम पाठ केलात तर तो तुम्हाला सप्टेंबरात फसवेल. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये, अलास्काखालच्या अल्यूशियन बेटांच्या आसपास मोठमोठी वादळं फिरत असतात. ती हवाईपर्यंत येत नाहीत. त्यांनी उठवलेल्या लाटा मात्र येतात, आणि त्यांना वाटेत अडवायला काही नाही. वायव्येकडून आलेली लाट थेट ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर येऊन आदळते. शार्क्स कोव्हचं तोंडही बरोबर तिकडेच उघडं आहे. इथून दोनेक किलोमीटरवर पाईपलाईन ही सर्फिंगची प्रसिद्ध जागा, हाकेच्या अंतरावर वायमेआ, म्हणजे जगातले सर्फर ज्या लाटांसाठी हिवाळ्यात इथे येऊन राहतात, त्याच लाटा तुमच्या 'स्विमिंग पूल'मध्ये शिरतात. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धात हिवाळा, मग लाटा दक्षिणेकडून येतात, दक्षिण किनाऱ्यावरच्या वायकिकीला फुटतात, आणि अख्खं बेट मध्ये आडवं असल्यामुळे उत्तरेला पाणी निपचित पडून राहतं.

लाटेच्या बाबतीत बहुतेक नवे डायव्हर उंची विचारतात. मी आधी पीरियड बघते, म्हणजे एका लाटेचा माथा गेल्यावर दुसरीचा यायला किती सेकंद लागतात ते. खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर सेकंदांचा वर्ग करून त्याला दीडपेक्षा किंचित जास्तने गुणायचं. आठ सेकंदांची लाट म्हणजे साधारण १०० मीटर लांब, सोळा सेकंदांची ४०० मीटर. लाटेची हालचाल पाण्यात तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. म्हणजे आठ सेकंदांवाली ५० मीटरपर्यंत, सोळावाली २०० मीटरपर्यंत. खालचं पाणी जेवढं खोलवर हलतंय तेवढी किनाऱ्याशी आल्यावर ती उंच उठते आणि तळाशी तेवढी जोरात पुढे-मागे ओढते. या पुढे-मागे ओढीला आम्ही सर्ज म्हणतो. सहा मीटर खोल खळग्यात, दोन्ही बाजूंना खडक असताना, सर्ज म्हणजे काय हे अंदमानच्या शांत पाण्यात शिकलेल्याला कळत नाही. तुम्ही पाय मारताय, पण तुमच्या खालचा खडक आधी दोन मीटर मागे जातो, मग दोन मीटर पुढे येतो. पोहून काही फरक पडत नाही.

वेगाचंही ऐका. अशा लाटांचा जथा समुद्रातून तासाला जितके सागरी मैल धावतो, तो आकडा म्हणजे सेकंदांची दीडपट. सोळा सेकंदांच्या लाटा २४ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ४५ किलोमीटर. तीन हजार किलोमीटरवरच्या वादळातून त्यांना इथे यायला पावणेतीन दिवस लागतात. वीस सेकंदांवाल्या त्याहून लवकर, दोन-सव्वादोन दिवसांत. म्हणून कुठल्याही मोठ्या स्वेलचे, म्हणजे दूरच्या वादळातून आलेल्या लाटांच्या जथ्याचे, पहिले पाहुणे हे सगळ्यात लांब पीरियडवाले असतात, आणि ते दिसायला किरकोळ असतात. समुद्रात तरंगणाऱ्या मोजणीच्या बोयावर आकडा दिसतो फूटभर उंची, एकोणीस सेकंद. नवखा माणूस फूटभर वाचतो आणि टँक गाडीत टाकतो. एकोणीस वाचणारा घरी बसतो.

मी स्वतः नवखी नव्हते, तरी एकदा फूटभरच वाचलं. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, पाचेक वर्षांपूर्वी. हंगाम संपत आलेला, एक शेवटचा डायव्ह म्हणून मी आणि नवरा सकाळी गेलो. बोयाचा आकडा पाहिला होता: ०.३ मीटर, १८ सेकंद. पहिल्याच वेळी डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वर उभं राहून पाच मिनिटं पाहिलं, पाणी काचेसारखं. आत शिरलो, उजव्या अंगाने बाहेर गेलो, मोठी कासवं पाहिली, पन्नास मिनिटांनी परत फिरलो तर कोव्हच्या तोंडाशी पाणी पांढरं. ओळीने येणाऱ्या मोठ्या लाटांचा पहिला सेट येऊन गेला होता, दुसरा येत होता. नवऱ्याला सर्जने खडकावर नेऊन ठेवलं, गुडघा सोलला, एक फिन गेली. आम्ही बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगवणारं जाकीट, फुगवून पुन्हा बाहेर खोल पाण्यात गेलो आणि तिथेच तरंगत राहिलो, पस्तीस-चाळीस मिनिटं. दोन सेटांच्या मध्ये उसंत मिळाली तेव्हा टँकमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात ठेवूनच वाळूवर आलो, रांगत. माझ्या लॉगबुकात त्या दिवसाच्या पानावर मी फक्त '१८' लिहिलंय आणि गोल केलाय.

त्यातून निघालेली शिकवण: आत जाणं कधीच अवघड नसतं, बाहेर येणं असतं. आत जाताना तुम्ही ताजेतवाने असता, वेळ तुमची असते, शांत क्षण बघून उतरता. येताना दमलेले, हवा कमी, आणि त्यावेळची लाट तुम्ही निवडलेली नसते. म्हणून शोअर डायव्हचा निर्णय नेहमी बाहेर यायच्या जागेकडे बघून घ्यावा, तोही 'आत्ता कसं आहे' यावर नाही तर 'तासाभराने कसं असेल' यावर.

बघायचं कुठे? हवाईभोवती समुद्रात बोया आहेत, त्यांचे आकडे अमेरिकेच्या नॅशनल डेटा बोय सेंटरच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतात. मी दोन बघते. एक ५११०१, ओआहूपासून साधारण पाचशे किलोमीटर वायव्येला. तिथे लांब पीरियड दिसला की तोच माल नऊ-दहा-अकरा तासांत आपल्या दारात. दुसरी ५१२०१, वायमेआच्या समोरच, ती 'आत्ता' सांगते. माझे स्वतःचे नियम सांगते, ते शास्त्र नव्हे, सवय आहे. वायमेआच्या बोयावर दोन फुटांच्या आत आणि दहा सेकंदांच्या आत असेल तर जा. बारा सेकंदांच्या वर गेलं तर उंची एक फूट का असेना, विद्यार्थ्यांना घेऊन मी जात नाही. आणि वायव्येच्या बोयावर पंधराच्या वर काही दिसलं तर वायमेआची बोया काय म्हणते हे मी वाचतही नाही.

इथे एक गोंधळ तुमचा हमखास होईल, तो आधीच सोडवते. हवाईतला स्थानिक माणूस लाटेला 'सहा फूट' म्हणतो तेव्हा समोरून दिसणारी भिंत बारा फुटांच्या आसपास असते. ही इथली जुनी मापण्याची पद्धत, फुशारकी उलट्या बाजूने. हवामान खात्याचा होनोलुलूचा विभाग मात्र भिंतीची पूर्ण उंची सांगतो. उत्तरेकडच्या किनाऱ्यांसाठी त्यांचा हाय सर्फ ॲडव्हायझरीचा, म्हणजे मोठ्या लाटांच्या सूचनेचा, आकडा १५ फूट, वॉर्निंगचा म्हणजे इशाऱ्याचा २५ फूट. तेव्हा 'ॲडव्हायझरी नाहीये, म्हणजे ठीक' हा हिशोब करू नका. ॲडव्हायझरी चौदा फुटांनाही नसते, आणि शार्क्स कोव्ह माझ्या मते तीन फुटांनाच संपलेला असतो. वायमेआला सर्फर एडी आयकाऊच्या नावाची मोठ्या लाटांची स्पर्धा होते ना, तिला स्थानिक मापाने २० फूट लागतात, म्हणजे भिंत ४० फुटांची. वर्षानुवर्षं ती होतच नाही. अलीकडे २०२३ च्या जानेवारीत आणि २०२४ च्या डिसेंबरात झाली. तो दुसरा दिवस २२ डिसेंबर होता, म्हणजे बरोबर तुमच्या सुट्टीचा आठवडा.

महिन्यांचा अंदाज हवा असेल तर: मे संमिश्र, शेवटचे थकलेले उत्तरेचे स्वेल अजून येतात, आणि हिवाळ्याने वाळू-दगड कुठून कुठे नेलेत ते नव्याने पाहावं लागतं. जून, जुलै, ऑगस्ट, डोळे झाकून. डोळे झाकून म्हणजे बोया बघून, पण बहुतेक वेळा होकारच. सप्टेंबर माझा सगळ्यात आवडता, पाणी २७ अंशांच्या आसपास म्हणजे वर्षातलं सर्वात गरम, गर्दी गेलेली. आणि सगळ्यात फसवाही तोच. ऑक्टोबरात मधूनच चार-पाच दिवस उघडतात. नोव्हेंबर ते मार्च नाही. एप्रिल, नशीब. हिवाळ्यातही एखादा आठवडा असा येतो की पॅसिफिक झोपल्यासारखा होतो, माझे ते बोटांवर मोजण्याइतके डायव्ह अशाच दिवसांचे. पण ते दिवस इथे राहणाऱ्याला मिळतात. सहा दिवसांचं तिकीट काढून आलेल्याने त्यांच्यावर विसंबू नये, कारण मग 'आलोच आहोत तर' हे शब्द तोंडातून निघतात.

वाऱ्याचं कमी महत्त्व आहे. उन्हाळ्यात व्यापारी वारे जवळजवळ रोज ईशान्य-पूर्वेकडून वाहतात, इथे डोंगराचा आडोसा मिळतो, दुपारनंतर बाहेर थोडी खळबळ होते एवढंच. हिवाळ्यात कधी वारा उलटा, नैर्ऋत्येकडून येतो, त्याला कोना वारा म्हणतात. त्याबरोबर पाऊस, आणि मोठ्या पावसानंतर ओढ्यांचं लाल-तपकिरी पाणी समुद्रात. अशावेळी आरोग्य खातं ब्राऊन वॉटरची सूचना काढतं, ती असेल तर कुठेच उतरू नका. भरती-ओहोटीची धास्ती मात्र सोडा. मुंबईत चार-साडेचार मीटर पाणी चढता-उतरताना पाहिलेल्यांना इथला जेमतेम पाऊण मीटरचा फरक गंमत वाटेल. तरी उतरताना थोडं भरतीचं पाणी असलं तर दगड कमी लागतात.

कधीतरी जुलैत याल म्हणून तो डायव्ह कसा करायचा तेही सांगते. सकाळी सातला पोचा. आठनंतर पार्किंग मिळत नाही, आणि गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, काचा फोडायचे प्रकार इथे नेहमीचे. उतरण्याआधी वर उभं राहून किमान वीस मिनिटं पाणी बघा. पाच नाही. लांब पीरियडच्या सेटांमध्ये पंधरा-वीस मिनिटांची शांतता असू शकते, आमच्यासारखी फसगत नको. एक सोपी खूण: जिथे लाट पोचताना दिसत नाहीये तिथला खडक ओला असेल, तर थोड्या वेळापूर्वी ती पोचली होती. पायवाटेने खाली जाऊन मधल्या वाळूच्या पट्ट्यावरून शिरायचं, फिन कमरेएवढ्या पाण्यात घालायच्या. हात खडकावर टेकताना बघा, फटींत 'वाना' बसलेले असतात, लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन.

मधून सरळ बाहेर जाऊन उजवीकडे वळलं की मोठाल्या दगडांच्या राशी, कमानी, छपरातून उजेडाच्या सळया आत पडणाऱ्या गुहा. हवाईचा राज्यमासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ इथे दिसतोच. नाव एका दमात म्हणून दाखवा, मगच टँक देते, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. पोपटमासे खडक कुरतडताना कडकड आवाज येतो, तो पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. मोरे ईल, ऑक्टोपस, कपारीत झोपलेला पांढऱ्या टोकाचा शार्क, आणि कासवं. रात्रीचा डायव्ह तर वेगळंच जग, चपट्या शेवंडी दगडांवरून चालत असतात. आमच्या वेंगुर्ल्यात शेवंड पाहिली की पहिला विचार कढईचा येतो. इथे ती संरक्षित क्षेत्रात आहे, नुसती बघायची.

गुहांबद्दल मी कडक आहे. दुसऱ्या बाजूचा उजेड दिसत नसेल त्या भोकात शिरायचं नाही, टॉर्च असला तरी. तळाशी गाळ आहे, एक फिन मारली की काही दिसेनासं होतं, आणि बाहेर थोडासा सर्ज असेल तर आत तो अरुंद जागेत कितीतरी पट होतो. या गुहांमध्ये माणसं दगावली आहेत, त्यांत शिकलेले डायव्हरही होते. वीस डायव्ह म्हणजे कमानीखालून जाण्याइतके, गुहेत जाण्याइतके नाहीत.

हवेचं गणित: कोव्हच्या तोंडाशी परतताना टँकमधल्या हवेचा दाब ७० बार तरी असला पाहिजे, पन्नासवर बाहेर यायचं हा नेहमीचा हिशोब इथे पुरत नाही. आणि आत असतानाच समुद्र उठला, तर घाई करून मधल्या सेटमध्ये घुसू नका. बाहेर खोल पाणी सुरक्षित, खडक धोक्याचा. मनाला हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. बीसीडी फुगवा, बडीला म्हणजे सोबत्याला धरा, सेट मोजा. शेवटची लाट गेली की तिच्या मागोमाग निघा. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, वाळू लागली की उभं राहायचा प्रयत्न न करता रांगा. जमत नसेल तर सिग्नल बोया, म्हणजे हवा भरून उभा करायचा खुणेचा फुगा, उभा करा आणि वाट बघा. किनाऱ्यावरचं कोणीतरी ९११ लावेल, आणि अग्निशमन केंद्र अगदी शेजारी आहे. लाइफगार्ड इथे असेलच असं धरू नका, मनोरा वायमेआला आहे.

आता तुमचा मुलगा. कोव्हच्या डाव्या अंगाला खडकांनी अडवलेलं गुडघा-कंबरभर पाणी आहे, उन्हाळ्यात तिथे सगळी मुलं असतात आणि मास्क लावून पालथं पडलं की मासेच मासे. पण त्या पाण्याला समुद्रापासून वेगळं ठेवतो तो खडकाचा बांध. हिवाळ्यात लाट त्या बांधावरून आत येते आणि परत जाताना त्याच फटींतून पाणी खेचून नेते. मोठे लोक त्यात खरवडून निघालेत, आठ वर्षांच्या मुलाचं बोलायलाच नको. 'वरवर तर शांतच आहे' असं दिसेल, पुन्हा तीच वीस मिनिटांची गोष्ट. त्याला वायमेआच्या रस्त्यावरून, वरून, लाटा दाखवा. पूपूकेआच्या फूडलँड दुकानातून पोके, म्हणजे कच्च्या माशांचा हवाईयन पदार्थ, घ्या आणि रस्त्याच्या वरच्या बाजूला बसून खा. डिसेंबरचा उत्तर किनारा बघण्यासाठी आहे आणि बघायला तो अफाट आहे.

डायव्ह करायचाच तर बेट ओलांडा. त्या दिवसांत दक्षिण बाजू बहुतेक शांत असते. वायकिकीसमोर टर्टल कॅनियन म्हणून उथळ रीफ आहे, बोटीने जातात, दहा-बारा मीटर, कासवं नक्की. तुमच्या वीस डायव्हांना ते नेमकं बसतं. तिथेच बुडवून ठेवलेली जहाजंही आहेत, वायओ-२५७ वगैरे, पण तळ तीसेक मीटरवर, तुमचं सर्टिफिकेट अठरापर्यंतचं. ॲडव्हान्स्ड कोर्स होऊ दे. किनाऱ्यावरूनच जायचं डोक्यात असेल तर हनाउमाचा उपसागर. १९६७ पासून संरक्षित, हवाईतलं पहिलं. पण सोमवार-मंगळवार बंद, आगाऊ नोंदणी लागते, आणि टँक घेऊन उतार उतरायचा-चढायचा. आतल्या रीफच्या बाहेर प्रवाह आहे, स्थानिक सोबती नसेल तर आतच राहा. मुलासाठीही ही जागा बरी. पश्चिमेला काहे पॉईंट आहे, वीजकेंद्राचं कोमट पाणी जिथे समुद्रात सोडतात, म्हणून इलेक्ट्रिक बीच म्हणतात. मासे भरपूर, पण वायव्येचा मोठा स्वेल वळून तिथेही पोचतो आणि नळाच्या तोंडाशी ओढ असते. वाटाड्याशिवाय नको.

बारीकसारीक: हिवाळ्यात पाणी २४ अंशांवर येतं, तीन मिलिमीटरचा सूट चालेल, मला पाच लागतो. डायव्ह करताना वर फ्लॅग तरंगता ठेवणं इथे कायदा आहे, लाल, त्यावर पांढरा तिरका पट्टा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन हवाईत १ जानेवारी २०२१ पासून विकायला बंदी आहे, घरून आणत असाल तर तेही झिंक ऑक्साईडवालं आणा. कासवापासून तीन मीटर, वाळूवर झोपलेल्या मंक सीलपासून पंधरा. परतीच्या विमानाआधी अठरा तास कोरडे.

आणि एक. तुम्ही येताय तेव्हा अलास्काकडून हंपबॅक व्हेल हवाईत आलेले असतात, एप्रिलपर्यंत असतात. दक्षिणेच्या बोटीवरून डायव्ह केलात तर शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबाल, तेव्हा बोलू नका, हातवारे करू नका. श्वास रोखायचा नाही, पण एका उच्छ्वासाचे बुडबुडे वर गेल्यावर पुढच्या श्वासाआधी जो क्षणभर शांत असतो ना, त्यात कान द्या. लांबून व्हेलचा आवाज येईल, दारं करकरावीत तसा, मग एकदम खोल. कुठून येतोय ते कळणार नाही, पाण्यात दिशा कळत नाही. ऑगस्टमध्ये आलेल्या तुमच्या मित्राने हे ऐकलेलं नाही.